वरातीच्या गाडीचा पंखा

दादा, तुमच्या तेराव्याच्या पंगती उठायच्या आतच साहिलच्या वरातीचा विषय निघाला. तुम्हाला राग आला नसता म्हणा. जेवताना गाडीचा विषय निघाला नाही तर तुम्हालाच काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. तुमच्या लेकीनं, वंदनाताईंनी, आपल्या साहिलचं लग्न तुम्ही असतानाच ठरवलं होतं, हॉल घेतलेला होता, पत्रिका छापून झाल्या होत्या. थोरल्यांनी बसून सांगितलं की लग्न थांबवू नका, नातवाची वरात बघायची म्हाताऱ्याची इच्छाच होती. मग एकच प्रश्न उरला. वरातीची गाडी कोण चालवणार?

हा प्रश्न आपल्या घराला कधी पडलाच नव्हता. नात्यातली वरात म्हटली की आपली पांढरी जुनी गाडी आणि स्टिअरिंगवर तुम्ही, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. कोणीतरी म्हणालं, उघडी जीप भाड्यानं आणू, हल्ली सगळे तेच करतात. नीलेशकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. तुमचा लेक आणि माझा नवरा सगळ्या बाबतीत गुणी आहे, पण त्याला गाडी मागं घ्यायला सांगितलं की दोन माणसं खाली उभी करावी लागतात. मी वाढत होते. भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाले, "मी चालवते."

धर्माकाका, तुमचे चुलतभाऊ, हातातला घास तसाच धरून म्हणाले, "वरातीची गारी? बाईमानूस?" वाईट हेतूनं नाही बोलले, त्यांना खरंच नवल वाटलं होतं. वंदनाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दादा असते तर काय बोलले असते गं?"

मी पातेलं उचलून आत गेले, दादा. इतकी वर्षं तुमच्याशी भांडले, बॉनेट उघडलं की तुमचं बोट कुठल्या नटावर थांबतं ते मला पाठ होतं, आणि हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही मला सून म्हणून लाडानं ऐकून घेत होता की गाडीतलं कळणारं माणूस म्हणून मानत होता? डॉक्टरकडे, बाजारात, वाशीच्या पुलापलीकडे जायला किल्ली माझ्याकडे फेकायचात. वरातीच्या दिवशी मात्र ती कधी माझ्या हातात आली नाही. आता विचारायला जावं तर तुम्ही असे ऐन वेळी उठून गेलात. त्या दिवशी भांडी घासताना मला तुमचा फार राग आला.

आपलं पहिलं बोलणं आठवा. मी नवरी होते. माहेर खारघरचं, फ्लॅटमधलं. वडील बेलापूरला सरकारी कचेरीत, मूळचे कऱ्हाडकडचे. तुमच्या घरची भाषा मला अर्धी कळायची आणि माझी भाषा ऐकून तुमच्या घरातल्या बायका पदराआड हसायच्या. मी मोटारीचा डिप्लोमा केलाय आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला जाते, हे नीलेशनं तुम्हाला सांगितलं होतं; पण तुम्ही ते टायपिंगच्या क्लाससारखं काहीतरी समजून सोडून दिलं होतं. वरात निघाली तेव्हा मे महिना, दुपारचे चार. पुढं वाजवणाऱ्यांचा बेंजो, बेंजोपुढं नाचणारे, आणि गाडी माणसाच्या चालीनं. मधूनच पूर्ण उभी. मी मागच्या सीटवर शालूत, मुंडावळ्यांत, मान खाली. पण मान खाली घातली तरी दोन सीटच्या फटीतून काट्याकडे नजर जायचीच. तापमानाचा काटा हळूहळू वर चढत होता, आणि पंख्याचा काही पत्ता नव्हता.

तुमच्याही ते लक्षात आलं होतं. खिडकीतून धर्माकाका ओरडत होते, "एसी बंद कर, एसी बंद कर!" एसी बंदच होता. तुम्ही हात हीटरकडे नेलात. मला कळलं तुम्ही काय करताय: हीटर लावला की इंजिनचं गरम पाणी डॅशबोर्डामागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि थोडी उष्णता गाडीच्या आत ओतली जाते. इंजिनला तेवढाच आराम. पण मे महिन्यात, शालूत, हीटर! माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा, एसी लावा."

नीलेशनं माझा हात दाबला. तुम्ही आरशातून माझ्याकडे पाहिलंत. सासऱ्याशी सुनेचं पहिलं वाक्य, आणि ते असं. मी भीतभीत पुढं सांगितलं की बहुतेक सेन्सर गेलाय. पाणी किती तापलं ते सांगणारा तोच, तो बोलला नाही तर पंख्याला कळणार कसं? पण एसी लावला की पंखा सेन्सरला विचारत बसत नाही. त्याला वीज दुसऱ्या वाटेनं मिळते. गाडी तापल्यावर एसी बंद करायचा हेच बरोबर, एसीनं इंजिनवर भार वाढतोच; पण पंखाच मेला असेल तर आधी पंखा जिवंत करायला हवा.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, तू गप बस. तुम्ही एसीचं बटन दाबलंत. बॉनेटखाली घरघर झाली. जरा वेळानं काटा थांबला, मग हळूच खाली आला. मग तुम्ही दार उघडून उतरलात, आणि बॉनेटवरून खाली सोडलेली झेंडूची अख्खी जाळी पुढच्या ग्रिलवरून ओरबाडून काढलीत. "नाकावर हात ठेवलाय तिच्या, ती श्वास कशी घेल?" असं फुलवाल्याच्या नावानं ओरडलात. ते मला दिसलं नव्हतं, तुम्हाला दिसलं. पुन्हा गाडीत बसल्यावर तुम्ही आरशात बघून एवढंच म्हणालात, "पोरी, सासरी आल्यावर पयलं काम सेन्सर."

त्या रात्री उंबऱ्यावरचं माप ओलांडताना माझी भीती निम्मी झाली होती. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

सेन्सर मी पुढच्या रविवारी बसवला. पण त्याआधी तुम्ही नाक्यावरच्या मेकॅनिकला गाठून डॅशबोर्डाखाली एक काळं बटन लावून घेतलं होतंत. ते दाबलं की पंखा सुरू, सेन्सर काही म्हणो. आपल्याकडे त्याला 'डायरेक्ट' म्हणतात. मी म्हटलं, आता नवा सेन्सर आहे, हे बटन काढून टाकू. तुम्ही म्हणालात, ऱ्हाऊ दे. तिथून आपलं भांडण सुरू झालं ते अगदी गेल्या महिन्यापर्यंत चाललं.

तुमचं म्हणणं मला पटत नव्हतं, पण कुठून येतंय ते कळत होतं. शेतं नव्या शहरासाठी गेल्यावर तुम्ही जन्मभर कंपनीच्या स्टाफची बस चालवलीत. त्या बसचा पंखा पट्ट्यानं इंजिनलाच बांधलेला. इंजिन फिरलं की पंखा फिरणार, जोरात फिरलं की जोरात. ट्रॅफिकमध्ये उभे राहिलात की तुम्ही नुसता ॲक्सिलरेटर दाबून पंख्याचा वेग वाढवायचात. त्यामुळे इंजिन चालू आणि पंखा बंद हे तुम्हाला बघवायचं नाही. "बाकीचे सगले राबतात, आनि हा एकटा बसून ऱ्हातो. ही कसली नोकरी?" असं तुम्ही म्हणायचात.

मी म्हणायचे, दादा, गाडी पळते तेव्हा समोरून वारा येतोच की. पामबीच रोडला पंख्याचं काय काम? तो फुकट फिरला तर मोटर झिजते, बॅटरीवर भार पडतो, आणि सकाळी थंड इंजिनाला तर गरम व्हायचं असतं. गाडी उभी राहिली, वारा थांबला, पाणी तापलं, की सेन्सर सांगतो आणि पंखा लागतो. पाणी निवलं की बंद. तुम्ही मान हलवायचात, कळलं म्हणून नव्हे, मी बोलतेय ते ऐकताय म्हणून. शेवटी मी स्वयंपाकघरातल्या फ्रीजकडे बोट दाखवलं. तो सारखा घुरघुरतो का? त्याच्याजवळ उभं राहून तुम्ही बटन दाबत बसता का? तुम्ही आईंकडे वळून म्हणालात, "हिनं मना फ्रीज क्येला." पण त्या दिवशी तुम्ही जरा विचारात पडला होता, मी पाहिलं होतं.

सगळं मीच बरोबर होते असंही नाही, हे लिहिताना मला हसू येतंय. मेकॅनिकनं एकदा पंख्याची मोटर बदलून दिली आणि गाडी पुन्हा तापायला लागली. पंखा तर फिरत होता. मी फ्यूज बघितला, रिले बघितला, पाणी बघितलं. तुम्ही लुंगीवर ग्रिलसमोर उभे होता. म्हणालात, "पोरी, वारा माज्या पायाला लागतोय." मी म्हटलं, लागणारच, पंखा आहे. तुम्ही आतून पेपराचं पान आणलंत आणि जाळीसमोर धरलंत. ते जाळीला चिकटायला हवं होतं, आत ओढलं जायला हवं होतं. ते उडून तुमच्या मिशीवर बसलं. मोटरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या. पंखा आतली गरम हवा बाहेर ढकलत होता, आणि गाडी पळू लागली की समोरच्या वाऱ्याशी कुस्ती खेळत होता. वायरींची अदलाबदल केली, तेवढ्यानं काम झालं. वर्कशॉपमध्ये नवीन मुलं आली की मी त्यांना अजून तो कागद धरायला लावते. कोणी शिकवलं विचारलं तर सांगते, सासऱ्यांनी.

आणि गाडी चालवणं तुम्हीच शिकवलंत. इंजिन उघडता येत होतं मला, पण माणसाच्या चालीनं गाडी नेणं वेगळं. गावदेवीच्या मागच्या गल्लीत तुम्ही गाडीपुढं पाठमोरे चालायचात आणि मी मागून. क्लच अर्धा, ब्रेकवर पाय तयार, तुमच्या टाचांवर नजर. "मी नाचलो तरी तू दचकायची नाय," म्हणालात, आणि खरंच दोन्ही हात वर करून नाचलात, भर सकाळी, एकटेच, बेंजोशिवाय. आई दारातून बघत होत्या. मी हसत हसत ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. बेंजोच्या आवाजात पंखा ऐकू येत नाही, तो लागला की स्टिअरिंगला बारीक थरथर येते, ती हातानं ओळखायची, हेही तुम्हीच दाखवलंत. इतकं सगळं शिकवून किल्ली मात्र स्वतःकडे ठेवायचात. आणि प्रत्येक वरातीत, काटा जरा हलला की ते काळं बटन दाबून आरशातून मला सांगायचात, "बघ, लावला मी पंखा. तुजा सेन्सर झोपलाय."

तर तेरावं झाल्यावर वंदनाताईंचा फोन आला. म्हणाल्या, "तू गारी तयार तर ठेव. कोन चालवनार ते मंग बघू." मी रविवारी गाडी घेऊन बसले. पाणी बदललं, पट्टे पाहिले, रेडिएटरच्या पट्ट्यांमधली धूळ धुऊन काढली. मग तुमच्या बटनाची वायर तपासायला घेतली. वरातीत काही दगाफटका नको. डॅशबोर्डाखालून ती वायर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिनमागच्या पत्र्याच्या, भोकातून बॉनेटखाली जाते. मी तिच्यामागून हात फिरवत गेले आणि हात मध्येच थांबला. वायर कापलेली होती. टोकाला काळी टेप गुंडाळलेली, आणि टेपवर गोणीच्या दोऱ्याची गाठ.

टेपवर दोरा बांधायची सवय दुसऱ्या कोणाला आहे? मेकॅनिक तर टेप फाडून नुसती दाबतो. टेप कडक झालेली, तिच्यावर तेलकट धुळीचा थर, खाली गोंद पार वाळलेला. हे काल-परवाचं नव्हतं, कितीतरी वर्षांचं होतं. बटन कशालाच जोडलेलं नव्हतं. इतक्या वराती, इतके टोलनाके, आणि तुम्ही रिकामं बटन दाबून मला चिडवत होता. पंखा प्रत्येक वेळी माझ्या सेन्सरनं लावला होता आणि तुम्हाला ते ठाऊक होतं.

मी तशीच तेलाच्या हातांनी आत गेले. आई तांदूळ निवडत होत्या. मी विचारलं. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"मना ठाव हाय. तू लगीन होऊन आली त्याच्या दुसऱ्या वर्साला तोरली त्यानी."

"मग मला सांगितलं का नाही?"

"त्यानीच सांगितलं, बोलू नको. बोलला, भांडन सपलं तं ती पोर कोनाशी बोलंल?"

दादा, मी तिथंच ओट्याला टेकून खाली बसले. तुम्हाला दिसत होतं तर. सुरुवातीच्या त्या दिवसांत सगळे आपल्या बोलीत गप्पा मारायचे आणि मी ताटाकडे बघून जेवायचे, ते तुम्हाला दिसत होतं. तुम्ही मुद्दाम माझ्याच विषयातलं भांडण काढून रोज माझ्यासमोर ठेवत होता, म्हणजे मला बोलावं लागेल, आवाज चढवावा लागेल, घरात माझा आवाज होईल. आणि होऊ लागलाच तो. हळूहळू वंदनाताई मध्ये पडू लागल्या, आई पडू लागल्या, धर्माकाकांनी आपली रिक्षा दाखवायला आणली. मला वाटायचं मी तुम्हाला शिकवतेय. मी खूप रडले, आणि आईंनी मला रडू दिलं, तांदूळ निवडत.

संध्याकाळी वंदनाताईंना फोन करून सांगितलं. मग नाक ओढत म्हणाल्या, "म्हंजे दादांनी गारी तुज्यावरच सोडली व्हती. नुसते बसायचे पुढं." आणि पुढं म्हणाल्या, "चालव तूच. मी बघते कोन काय बोलतो."

मग वरात. तुम्हाला सगळं ऐकायचं असेल. फुलवाल्याला मी आधीच बजावलं की ग्रिलवर एक पाकळीसुद्धा नको. तो म्हणाला, "मॅडम, शो जाईल." मी म्हटलं, जाऊ दे. साहिल मागं बसला, त्याची नवरी त्याच्याशेजारी, घामाघूम. घणसोलीच्या हॉलपासून वंदनाताईंच्या दारापर्यंत, भर उन्हात, बेंजोच्या मागं. पहिल्या वळणावर सगळे नाचायला थांबले ते हलेनातच. काटा वर सरकला. धर्माकाका खिडकीशी आले, काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, एसीचं नाव काढलं नाही. स्टिअरिंगला ती थरथर आली. काटा थांबला आणि उतरला. सबंध वाटेत तो असाच चढत-उतरत राहिला आणि गाडी एकदाही बंद पडली नाही. नाचणाऱ्यांपैकी कोणी बॉनेटवर थाप मारली तरी मी दचकले नाही.

दारात गाडी लागली. नवरानवरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग आपल्याकडची रीत, वरातीच्या गाडीवाल्याला टॉवेल-टोपीचा मान. वंदनाताईंचे मिस्टर तबक घेऊन पुढं आले आणि माझ्यासमोर येऊन थबकले. तबकात टॉवेल होता, नारळ होता, पांढरी टोपी होती. त्यांनी मागं वळून बघितलं. कोणीतरी म्हणालं, "अरे, चोलीखन आन, बाईला चोलीखन देतात." कोणी म्हणालं, नुसता नारळ दे. एक मुलगी खण आणायला आत पळाली. मी गाडीच्या दाराला धरून उभी होते आणि जमीन पोटात घेईल तर बरं असं मला झालं होतं.

आई आल्या होत्या, पण मागं भिंतीशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. तुम्ही गेल्यापासून त्या कुठल्याच कार्यात पुढं येत नाहीत. हळदीलाही आतल्या खोलीत बसून होत्या, कोणी बोलवलं तर हात जोडत होत्या. त्या उठल्या. माणसांतून वाट काढत सरळ तबकापर्यंत आल्या.

"खन कशाला?" त्या म्हणाल्या. "ती काय ओटी भरायला आली का? गारी चालवली तिनी."

आणि कोणी काही बोलायच्या आत, कपाळावर कुंकू नसलेल्या त्या बाईनं, भर वरातीत, सगळ्यांसमोर, तबकातली टोपी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली. टॉवेल खांद्यावर टाकला. नारळ हातात दिला. मी वाकून त्यांच्या पाया पडले तेव्हा टोपी घसरली, ती त्यांनीच पुन्हा नीट बसवली.

जेवण होईपर्यंत ती माझ्या डोक्यावर होती, दादा. धर्माकाकांनी मला आपल्या शेजारी, गाडीवाल्यांच्या पंगतीत बसवलं, आणि हसलं कोणीच नाही.